कटाडिनचे शेवटचे दोन मैल राहिले. ट्रेल झाला म्हणू का?

पाठपिशवी

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. प्रश्न बालिश वाटेल, पण वर्षभर घशात अडकलाय.

मी अ‍ॅपलाचियन ट्रेल, अमेरिकेतली ती लांबच लांब पायवाट, तुकड्यातुकड्यांनी चालतो. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनला पहिली पांढरी पट्टी (वाट दाखवायला झाडा-दगडांवर रंगवतात ती) पाहिली तेव्हा मुलगी चौथीत होती, आता ती नोकरीला लागली. दरवर्षी सुट्टीतले दोन आठवडे, कधी तीन, कधी नुसताच जोडून आलेला शनिवार-रविवार. एकूण १४ राज्यं आणि २,१९० मैलांच्या वर अंतर. (आकडा दरवर्षी थोडा बदलतो, वाट इकडची तिकडे हलवतात म्हणून.) गेल्या सप्टेंबरात मॉन्सनहून निघून हंड्रेड माइल विल्डरनेस नावाचं रान पार केलं, अबोल ब्रिजला आलो, दुसऱ्या दिवशी बॅक्स्टर पार्कात शिरून कटाडिन स्ट्रीम कॅम्पग्राउंड गाठलं. तिथून शिखर ५.२ मैल. हा शेवटचा टप्पा म्हणजे हंट ट्रेल.

सकाळी सहाला निघालो. धबधबा झाला, जंगल झालं, झाडं बुटकी होत होत संपली आणि मोठमोठे धोंडे सुरू झाले. जिथे दगडात लोखंडी खुंट्या ठोकल्यात तिथे पोचलो, तर ढग खाली उतरला आणि वारा सुटला. अर्धा तास आडोशाला बसलो आणि परत फिरलो. शिखर राहिलं दोन-सव्वादोन मैल.

परवा एका घरगुती कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, "काय, झाला ना तुमचा तो ट्रेल?" मी म्हणालो, "झाला." बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि वाटीतली खीर संपवली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

तर, एवढ्या अंतरासाठी पुन्हा जाणं हा वेडेपणा आहे का? आणि जे जाऊन आलेत त्यांनी त्या खुंट्यांबद्दल जरा नीट सांगा. वय ५६, उजवा गुडघा कुरकुरतो.

बिनबुडाचा_तांब्या

इथे लोक लेखमालेचा पहिला भाग टाकून खाली 'क्रमशः' लिहितात आणि सात वर्षं फिरकत नाहीत. तुम्ही दोन मैलांसाठी झोप घालवताय. दंडवत घ्या.

मेतकूट

वाचनखूण साठवली. हे कटाडिन कुठे आलं?

जराशी_खवट

@मेतकूट, अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात. जवळचं गाव मिलिनॉकेट. पेनॉब्स्कॉट लोकांच्या भाषेत कटाडिन म्हणजे 'सगळ्यात मोठा डोंगर'. त्यामुळे 'माउंट कटाडिन' म्हणणं म्हणजे आपलं 'विंध्याचल पर्वत'. अचल दोनदा.

टणटणी

मी २०१८ च्या ऑगस्टमध्ये गेले होते. ट्रेल वगैरे काही नाही, फक्त हा एक दिवस. उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे खुंट्यांबद्दल बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे.

पहिला मैलभर चालणं अगदी साळसूद. ओढ्याच्या कडेने वाट आहे, धबधब्यापाशी सगळे फोटो काढतात. पाणी तिथेच भरून घ्या. पुढे थोरो स्प्रिंग आहे ती शिखराच्या मैलभर आधी, आणि कोरड्या दिवसांत तिच्या भरवशावर राहू नये. मग चढ वाढतो, पण पायऱ्या-पायऱ्यांचा. खरी गंमत झाडं संपल्यावर. एका कड्याच्या धारेवरून वर जायचं असतं आणि त्या धारेवर घराएवढे दगड कुणीतरी ओतून दिल्यासारखे पडलेत. पट्टी दिसते, पण पट्टीपर्यंत कसं जायचं ते दिसत नाही.

एका जागी एक सपाट, माझ्या डोक्याच्या वर जाणारा दगड आहे आणि त्यात लोखंडी खुंटी. ती माझ्या छातीला लागत होती. काठ्या आधीच घडी घालून पिशवीला बांधल्या होत्या, ते शहाणपण केलं. हातमोजे काढले, लोखंड सकाळी नऊला बर्फासारखं गार. खुंटीला धरलं, पाय दगडावर टेकवला, घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. मागे एक दाढीवाला पोरगा उभा होता, जॉर्जियापासून चालत आलेला, अंगाला सहा महिन्यांचा वास. काही बोलला नाही. नुसता तळहात उघडा करून माझ्या बुटाखाली धरला. मी त्यावर पाय दिला आणि वर. वर गेल्यावर पाहिलं तर डाव्या गुडघ्याचं कातडं दगडावरच राहिलं होतं.

म्हणजे जमतं. पण एकट्याने जाऊ नका, आणि पुढे उंच माणूस असण्यापेक्षा मागे मजबूत माणूस असणं जास्त उपयोगाचं.

मेतकूट

"अंगाला सहा महिन्यांचा वास." हसून हसून पुरेवाट.

काटेकोर

मी एकटाच वाईट बोलणार असं दिसतंय.

नाही झाला. ट्रेल स्प्रिंगरपासून कटाडिनच्या माथ्यापर्यंत आहे, खुंटीपर्यंत नाही. अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी सगळा ट्रेल चाललेल्यांची '२००० मायलर' म्हणून नोंद करते. किती वर्षं लागली, कुठून कुठे चाललात, क्रम काय होता, पाठीवर ओझं होतं की नाही, यातलं काही विचारत नाहीत. पुरावाही मागत नाहीत. तुम्ही सांगायचं आणि त्यांनी मानायचं. इतकं सैल ठेवल्यावर उरलेली एकमेव अट तरी पाळायला नको का? आणि तुम्हाला हे माहीत आहे. नाहीतर धागा काढला नसतात.

माळकरी

काटेकोर यांच्याशी असहमत.

आमचे आजोबा आळंदीहून वारीला जायचे. आषाढीला दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं तर दिवस-रात्र जाते, म्हणून पुष्कळदा ते चंद्रभागेत स्नान करायचे, नामदेव पायरीला डोकं टेकायचे, कळसाला हात जोडायचे आणि परतीच्या वाटेला लागायचे. गावात कुणी त्यांना 'वारी अर्धीच राहिली' म्हटल्याचं ऐकलं नाही. कळसदर्शन हे दर्शनच.

पाठपिशवी, तुमचं कळसदर्शन झालंय.

उनाड_बैल

माळकरी, कळस दिसतो तरी. यांना ढगात पुढच्या माणसाचा पार्श्वभाग दिसत नव्हता.

काटेकोर

शिवाय वारीत कळस हा मान्य पर्याय आहे, परंपरेने दिलेला. इथे तसा पर्याय कुणी दिलेला नाही. सोयीचं तेवढं उचलायचं नाही.

माळकरी

परंपराही कधीतरी कुणीतरी थकलेल्या माणसानेच सुरू केली असेल ना.

पायताण

एक शंका. कटाडिन १,६०५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे आमच्या शाळेची सहल याच्यापेक्षा वर जाऊन आली आहे, तीही गणवेशात. एवढं काय आहे त्यात?

जराशी_खवट

@पायताण, उंचीचा आकडा समुद्रापासूनचा असतो, तुमच्या पायांना तो कळत नाही. हंट ट्रेलला एका दिवसात जवळजवळ ४,२०० फूट चढायचं आणि तेवढंच उतरायचं. आणि अक्षांश बघा. कळसूबाई साडेएकोणीसवर, हे जवळजवळ ४६ वर. इतक्या उत्तरेला झाडांची रेषा फार खाली येते, त्यामुळे वरचा दोन-अडीच मैलांचा पट्टा संपूर्ण उघडा. आडोसा नाही, वारा थेट अंगावर. सप्टेंबरात खाली टी-शर्टमध्ये फिरतात आणि वर बर्फाचे कण तोंडावर बसतात.

बाकी उंचीबाबत त्यांचंही एक दुखणं आहे. कटाडिन ५,२६७ फूट आणि मैल म्हणजे ५,२८०. तेरा फुटांनी मैल हुकलाय.

बिनबुडाचा_तांब्या

डोंगराचंही शेवटचं थोडंसंच राहिलंय की मग. पाठपिशवी, तुम्ही योग्य ठिकाणी अडकलात.

घड्याळवाला

माझी हकीकत इशारा म्हणून वाचा.

आम्ही चौघं बॉस्टनहून रात्री निघालो. पाचेक तासांचा रस्ता. तिथे वाहनतळाची जागा आधी राखून ठेवावी लागते, ती मी ठेवली होती आणि त्याबद्दल गाडीत तीनदा स्वतःचं कौतुकही केलं. पण ती जागा सकाळी सातपर्यंतच तुमची. सात वाजून गेले की दुसऱ्याला. आमच्यातल्या एकाला (नाव घेत नाही, तो हा धागा वाचतो) वाटेत कॉफी हवी होती. कॉफीला रांग. फाटकावर पोचलो सात वीसला. बाईंनी शांतपणे सांगितलं, कटाडिन स्ट्रीमची जागा गेली. हुज्जत घालून पाहिली. त्या अजून शांत झाल्या.

त्या दिवशी आम्ही एका तळ्याकाठी बसून कटाडिन पाहिला. स्वच्छ, निळा, एक ढग नाही. माळकरींच्या भाषेत कळसदर्शन. मी त्या मित्राशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही.

तेव्हा मुक्काम मिलिनॉकेटला किंवा पार्कातच करा. आणि मेनचे रहिवासी नसाल तर जागा राखायची मुभा फार आधी मिळत नाही, अगदी जवळच्या तारखांचीच मिळते. तारीख उघडली की लगेच बसा.

घड्याळवाल्याचा_मित्र

कॉफी चांगली होती.

उनाड_बैल

हे खातं आजच उघडलंय का हो? :))

सांडशी

अवांतर: कुत्रा नेता येतो का? आमचा पाच वर्षांचा लॅब्राडोर अर्ध्या व्हर्माँटमधून चाललाय.

जराशी_खवट

नाही. बॅक्स्टर पार्कात पाळीव प्राण्यांना सक्त मनाई. जॉर्जियापासून कुत्र्याबरोबर आलेल्यांनाही शेवटच्या दिवशी कुत्रा बाहेर ठेवावा लागतो. मिलिनॉकेटकडे त्यासाठी सोय करणारे लोक आहेत.

हा पार्क बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. पर्सिव्हल बॅक्स्टर नावाचे मेनचे गव्हर्नर होते. सरकारने डोंगर विकत घ्यावा म्हणून त्यांनी खटपट केली, विधिमंडळाने दाद दिली नाही. मग पद सुटल्यावर त्यांनी १९३० पासून स्वतःच्या पैशांनी जमीन घ्यायला सुरुवात केली आणि १९६२ पर्यंत तुकड्यातुकड्यांनी दोन लाख एकरांच्या वर जमीन राज्याला देऊन टाकली. (हाही तुकड्यातुकड्यांचाच माणूस.) अट एकच, जागा रानच राहिली पाहिजे. म्हणून तिथे माणसाची सोय दुय्यम. एका गटात १२ पेक्षा जास्त लोक नकोत, आवाज नको, शिखरावर पार्टी नको.

२०१५ साली स्कॉट जुरेक हा धावपटू सगळा ट्रेल ४६ दिवसांत पळून शिखरावर पोचला, तिथे शँपेन उडवली आणि रेंजरने हातात तीन नोटिसा ठेवल्या: मद्यपान, कचरा, गटातली माणसं जास्त. शेवटी मद्यपानाचा ५०० डॉलर दंड भरला, बाकीच्या दोन मागे घेतल्या गेल्या.

काटेकोर

कचरा म्हणजे सांडलेली शँपेन. मला हा पार्क आवडायला लागलाय.

बिनबुडाचा_तांब्या

काटेकोर यांना तिथे रेंजर म्हणून घ्या. धाग्यावर शांतता नांदेल.

सांडशी

कुत्र्याचं कळलं, आभार. वयाचं वाचून एम्मा गेटवुड आठवल्या. ११ मुलांची आई, अनेक नातवंडांची आजी. १९५४ साली कटाडिनवरूनच दक्षिणेकडे निघाल्या, काही दिवसांत वाट चुकल्या, चष्मा फुटला, आणि रानातल्या अधिकाऱ्यांनी समजूत घालून घरी पाठवलं. घरी काय म्हणून निघालोय ते कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे फसल्याचंही सांगायची वेळ आली नाही. पुढच्या वर्षी, ६७ व्या वर्षी, जॉर्जियाहून निघाल्या आणि सप्टेंबरात कटाडिनवर पोचल्या. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. एकटीने एका हंगामात पूर्ण करणारी पहिली बाई.

५६ म्हणजे काहीच नाही हो.

पायताण

बरं, कळसूबाई मागे घेतो.

निमूट

मी सहसा लिहीत नाही. पण वर सगळे 'जा, जा' म्हणतायत म्हणून लिहितो.

मी आणि माझा एक मित्र सप्टेंबरच्या शेवटी गेलो होतो. रेंजरांनी हवामानाचा फलक लावला होता, त्यात दुपारनंतर ढग आणि जोराचा वारा लिहिलं होतं. आम्ही वाचलं आणि 'दुपारनंतर ना' असं म्हणून निघालो. खुंट्या, धोंडे सगळं झालं. वर टेबललँड म्हणून पठार लागतं. कड्यावरून वर आल्यावर ते एकदम सपाट होतं आणि माणसाला वाटतं, झालं, आता काय. आम्हालाही तेच वाटलं. ढग आला तो पंधरा मिनिटांत. पुढची पट्टी दिसेना. तिथे झाडं नाहीत, पट्ट्या दगडांवरच, आणि ओले दगड सगळे सारखे. वाटेच्या कडेला आखलेल्या रेषेबाहेर पाय टाकू नका म्हणतात, कारण तिथली झुडपं अगदी नाजूक, शिवाय एक फुलपाखरू जगात फक्त त्याच पठारावर सापडतं. आम्हाला आपण रेषेच्या आत आहोत की बाहेर तेच कळत नव्हतं.

मी मित्राला विचारलं, नकाशा तुझ्याकडे आहे का? तो म्हणाला, "हो, घरी आहे." मला वाटलं विनोद करतोय. मग पाहिलं तर त्याला जॅकेटची चेन लावता येत नव्हती. हाताची बोटं सरळ, कडक. मी लावून दिली. तो 'थँक यू काका' म्हणाला. आम्ही एका वर्गात होतो.

शिखर तेव्हा अर्ध्या-पाऊण मैलावर असेल. तिथून वळलो. मागून आलेल्या दोन बायकांकडे सुकी टोपी आणि गरम पाण्याचा थर्मास होता, त्यांनी आमच्याबरोबर खुंट्यांपर्यंत सोबत केली. त्याही शिखरावर गेल्या नाहीत.

१९३९ साली डॉन फेंडलर नावाचा १२ वर्षांचा मुलगा इथेच वर ढगात वाट चुकला आणि नऊ दिवसांनी जिवंत सापडला. लोक ती गोष्ट कौतुकाने सांगतात. त्याची ती नऊ दिवसांची गोष्ट सुरू व्हायला ढगाला काही मिनिटंच लागली असणार.

पाठपिशवींनी परत फिरून योग्य केलं एवढंच म्हणायचं होतं.

टणटणी

निमूट, 'थँक यू काका' वाचून अंगावर काटा आला.

माळकरी

थोरो स्प्रिंग ज्यांच्या नावाची, ते अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो १८४६ मध्ये इथे आले होते. तेही ढगांमुळे शिखर न गाठताच परतले. तरी झऱ्याला नाव त्यांचंच. कळसदर्शनवाल्यांची परंपरा जुनी आहे, काटेकोर.

काटेकोर

त्यांनी 'झाला' असं खिरीच्या वाटीसमोर सांगितलं नव्हतं.

पाठपिशवी

सगळ्यांचे आभार. निमूट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

एक गोष्ट मूळ धाग्यात नीट लिहिली नाही. ढग आला होता हे खरं. पण फार नव्हता. मी आडोशाला बसलो तेव्हा माझ्या समोरून नऊ माणसं वर गेली. मोजली, कारण दुसरं काही करत नव्हतो. त्यातली एक बाई माझ्याहून मोठी होती. सगळे शिखरावर जाऊन आले, संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर भेटले.

मी पहिल्या खुंटीला धरलं होतं. टणटणी यांनी लिहिलंय तसंच, पाय घसरला. दुसऱ्यांदा टेकवायच्या आधी खाली पाहिलं आणि हात थरथरायला लागले. थंडीने नाही. खाली उतरून बसलो, आणि मग ढग दाट व्हायची वाट पाहत होतो. जरा दाट झाला तसा उठलो आणि फिरलो.

बायको खाली थांबली होती. तिला मी "हवा बिघडली" एवढंच सांगितलं. ती खालून वर बघतच होती सकाळपासून. म्हणजे तिला माहीत आहे.

टणटणी

अहो, मग सरळ हे लिहायचं ना!

भीती वाटली यात काय आहे? मला रडू आलं होतं त्या खुंटीवर. वरती लिहिलं नाही कारण विनोदी लिहायचं होतं.

काटेकोर

आता माझं मत सांगतो. ढगाने परत पाठवलं असतं तर दोन मैलांसाठी जाऊ नका असंच शेवटी म्हणालो असतो. आता जा म्हणतो.

बिनबुडाचा_तांब्या

काटेकोर यांनी कुणाला काहीतरी करायला सांगितलं आणि मला पटलं. स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

घड्याळवाला

एक तोडगा. अबोल ट्रेलने वर जा. ती वाट दुसऱ्या बाजूने चढते आणि थोरो स्प्रिंगपाशी हंट ट्रेलला मिळते. तिला खुंट्या नाहीत. तिथून शिखर मैलभर, सौम्य चढाचं.

उनाड_बैल

नाव अबोल, पण गुडघे बोलायला लागतात. वर सगळे धोंडेच. चढ हंटपेक्षाही उभा.

काटेकोर

आणि अबोलने गेलात तर खुंट्यांपासून थोरो स्प्रिंगपर्यंतचा हंट ट्रेलचा तुकडा राहतोच. म्हणजे दोन मैलांच्या जागी एक मैल बाकी. पुढच्या वर्षी पुन्हा धागा.

घड्याळवाला

मग अबोलने चढा, शिखर करा आणि हंटने उतरा. दिशा कुणी विचारत नाही, तुम्हीच म्हणालात.

टणटणी

नको नको. खुंट्या उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही, पोटाने दगडाला चिकटून पाय खाली चाचपावा लागतो. ज्याला चढताना भीती वाटली त्याने पहिल्यांदा उतरताना त्या बघू नयेत. खालूनच जा. मी खरंच येते, तारीख सांगा. मागे उभी राहते. उंची कमी असली तरी हात मजबूत आहेत.

हाडं_मोजणारा

गुडघ्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. चढाने दम जातो, उताराने गुडघा. बहुतेकांना या डोंगरावर खाली यायला चढण्याइतकाच वेळ लागतो, एकूण आठ ते बारा तास धरा. आत्तापासून रोज एका पायरीवर उभं राहून दुसरा पाय हळूहळू खाली टेकवायचा सराव करा, जितका सावकाश तितका चांगला. दहा-दहाच्या तीन फेऱ्या, दोन्ही पायांनी. उतरताना काठ्या थोड्या लांब करा, खुंट्यांपाशी मात्र आत टाका. आणि परतीची वेळ घरीच ठरवा. एक वाजता म्हणजे एक वाजता, मग शिखर समोर दिसत असलं तरी. बॅटरी डोक्याला लावायचीच, दिवसा निघत असलात तरी.

मेतकूट

धागा वर आणतोय. पाठपिशवी, पुढे काय झालं? जुलै संपला.

पाठपिशवी

गेल्या आठवड्यात जाऊन आलो. लिहायला उशीर झाला कारण दोन दिवस जिना उतरता येत नव्हता.

टणटणी, त्यांचे यजमान, मी आणि बायको. बायको धबधब्यापर्यंत आली, मग म्हणाली, मी आता इथे बसते, तुम्ही जा. फलकावर सकाळी ढग आणि दुपारी उघडीप लिहिलं होतं, वारा साधारण. पावणेसहाला निघालो होतो. खुंटीपाशी पुन्हा हात थरथरले. टणटणींनी मागून तळहात बुटाखाली धरला. त्यांना तो कुणी धरला होता ते आता सगळ्यांना माहीत आहे. मी पाय दिला. वर पोचल्यावर थोडा वेळ दगडावर पालथाच पडून होतो, दगडाला गंजाचा वास येत होता, की माझ्या हातांना, कळलं नाही.

पठारावर ढग होता, पण पट्ट्या दिसत होत्या. थोरो स्प्रिंग ओलसर होती, बाटली भरेल एवढी नाही. शेवटच्या मैलात मी किती वेळ लागला ते पाहिलं नाही. पाटी दहा पावलांवर आल्यावर दिसली, तिच्यासमोर रांग होती, आणि रांगेत माझ्या पुढे एक मुलगा उकिडवा बसून रडत होता. मी त्याला जागा दिली.

शिखरावरून काहीही दिसलं नाही. पांढरं. सव्वाअकराला पोचलो होतो, पाऊण तास थांबलो, उघडलं नाही. एक वाजायच्या आत निघायचं ठरलं होतं, बाराला निघालो. खुंट्या उतरताना टणटणी म्हणाल्या होत्या तसंच पोटाने दगडाला चिकटून उतरलो. खाली झाडांत शिरलो आणि मागे वळून बघितलं तर सगळा डोंगर उघडा पडला होता.

धबधब्यापाशी बायको पुस्तक वाचत बसली होती. मी काही बोलायच्या आधी म्हणाली, "गुडघा कसा आहे?"

टणटणी

यांचा बूट फार घाणेरडा होता. एवढंच नमूद करते.

काटेकोर

झाला.

उनाड_बैल

म्हणजे शिखर झालं, पण कळसदर्शन राहिलं. माळकरी, आता काय?

माळकरी

पुढच्या वर्षी.